उन्हात फाटणारं लोशन : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

प्रकल्पाला आज मंजुरी मिळाली. प्रश्न जुना आहे. आमचं कोरफडीचं बॉडी लोशन मुंबईत, कोकणात वर्षभर नीट राहतं आणि विदर्भात एप्रिल लागला की डेपोतून फोन सुरू होतात. मागच्या उन्हाळ्यात अकोल्याहून परत आलेल्या बाटल्या क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) ताईंनी जपून ठेवल्या होत्या, त्या आज टेबलावर मांडल्या. वर पिवळसर तेलकट थर, मध्ये दह्यासारखा दाट भाग, खाली पाणी. दुकानदार एकच शब्द वापरतात : फाटलं.

फॉर्म्युला साधा आहे. हलकं मिनरल ऑइल ८ टक्के, सीटोस्टिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा) म्हणून सीटिअरेथ-२०, ग्लिसरीन, कोरफडीची पावडर, लोशन नासू नये म्हणून पॅराबेनची जोडी, सुगंध. या लोशनला जो दाटपणा आहे तो मुख्यतः सीटोस्टिअरिल अल्कोहोल आणि इमल्सिफायर मिळून पाण्यात जे पापुद्र्यांचं जाळं विणतात त्याचा. हे अल्कोहोल साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं, पण जाळं त्याच्या बरंच आधी सैल पडू लागतं. शिवाय सीटिअरेथच्या इथिलीन ऑक्साइडच्या साखळीला धरून असलेलं पाणी तापमान वाढेल तसं सुटत जातं, म्हणजे इमल्सिफायरची पाण्याशी असलेली जवळीकही कमी होते. उष्णतेचा मार दोन्हीकडून बसतो.

आतापर्यंतचा उपाय म्हणजे दाटपणा आणणारा झँथन गम वाढवणं. तापमानाला झँथन चांगला टिकतो. पण ०.४ टक्क्यांच्या पुढे गेलं की लोशनला तार सुटते आणि मुंबईच्या दमट हवेत अंगाला चिकचिक होते. नागपूरच्या मे महिन्यासाठी घातलेला जाडपणा दादरच्या ग्राहकाने बारा महिने का सोसावा? मला या प्रकल्पातून हेच सोडवायचं आहे : जाडपणा लागेल तेव्हाच यावा आणि गरज सरली की निघून जावा.

११ जानेवारी

दाटपणा आणणाऱ्या कार्बोमरचा विचार पाच मिनिटांत बाजूला ठेवला. कोरफडीच्या पावडरीत पोटॅशियम, कॅल्शियमचे क्षार भरपूर असतात आणि क्षारांपुढे कार्बोमर कोसळतो.

१५ जानेवारी

आज कागदावर गणित मांडलं. आधीच करायला हवं होतं असं हे काम, आणि आज ते करून सगळी दिशाच स्पष्ट झाली.

तेलाचा थेंब वर किती वेगाने चढतो ते स्टोक्सच्या सूत्राने काढता येतं : थेंबाच्या त्रिज्येचा वर्ग, घनतेतला फरक आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची, मग ९ ने आणि द्रवाच्या विष्यंदितेने (दाटपणाच्या मापाने) भागायचं. आमचा थेंब मायक्रोस्कोपखाली साधारण ५ मायक्रॉन त्रिज्येचा दिसतो. तेल आणि ग्लिसरीनयुक्त पाणी यांच्या घनतेत दर घनमीटरला १९० किलोग्रॅमच्या आसपास फरक. गरम झाल्यावर, थेंब ज्या अगदी मंद गतीने सरकतो त्या गतीला, विष्यंदिता १००० सेंटिपॉइज उरली असं धरलं तर थेंब दिवसाला सुमारे ०.९ मिलिमीटर चढतो. महिन्याला २७ मिलिमीटर. थेंबांच्या दाटीमुळे प्रत्यक्षात वेग कमी पडेल, पण डेपोत दोन महिने पडून राहणाऱ्या बाटलीसाठी हा हिशेब वाईटच आहे. विष्यंदिता दुप्पट केली तर वेग अर्धा होतो. थांबत नाही.

थांबवायचं तर द्रवाला थोडा ताठपणा हवा, म्हणजे ठरावीक जोर लागेपर्यंत त्याने हलायचंच नाही. एका थेंबाला रोखायला किती ताठपणा लागतो? घनतेतला फरक, गुरुत्वाकर्षण आणि त्रिज्या यांचा गुणाकार, भागिले ३. उत्तर येतं सुमारे ०.००३ पास्कल. थेंबांचा ५० मायक्रॉन त्रिज्येचा पुंजका झाला तरी ०.०३ पास्कल. आमच्या ब्रूकफील्डवर (विष्यंदिता मोजणाऱ्या यंत्रावर) हा आकडा दिसणारसुद्धा नाही!

म्हणजे बाटलीत जेली करण्याची गरजच नाही. ४० अंशांच्या पुढे, डोळ्यांना न दिसणारं, बोटाला न जाणवणारं जाळं उभं राहिलं तरी पुरे. हा आकडा व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. प्रकल्प संपेपर्यंत पुसायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं.

१९ जानेवारी

वाचन. तापवल्यावर पाण्यातून बाहेर पडणाऱ्या पॉलिमरांचं (लांब साखळीच्या रेणूंचं) सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइडचा पॉलिमर, पीनिपाम. टोरोंटोच्या हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये दाखवलं की तो ३२ अंशांच्या आसपास एकदम पाणी सोडतो. कारण समजून घ्यायला सोपं आहे. पॉलिमरच्या पाणी नको असलेल्या गटांभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रचून बसलेले असतात. गारव्यात ही रचना परवडते, कारण पाणी आणि पॉलिमर यांच्यातले हायड्रोजन बंध त्याची भरपाई करतात. तापमान वाढलं की शिस्तीची किंमत वाढते, पाणी सुटून मोकळं होतं आणि उघडे पडलेले गट एकमेकांना धरतात.

म्हणजे ज्या कारणाने आमचा इमल्सिफायर उन्हात कमजोर होतो, त्याच कारणाने हे पॉलिमर उन्हात एकमेकांना बिलगतात. एकाच्या नुकसानीतून दुसऱ्याची ताकद. हे वाचल्यावर बराच वेळ मी दुसरं काही वाचू शकले नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) माशेलकर, लेले, बडिगेर यांनी १९९० च्या दशकात अशा जेलच्या फुगण्या-आकसण्यावर काम केलं. हायड्रोजन बंधांचा हिशेब घेऊन केलेली त्यांची मांडणी आज पुन्हा वाचली. पॅरिसमध्ये ऊर्दे, लालोरे आणि ओदबेर यांनी १९९४ मध्ये आणखी एक पायरी गाठली : पाण्यात कायम विरघळून राहणाऱ्या कण्यावर तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या फांद्या बसवल्या. गरम झालं की फक्त फांद्या चिकटतात, कणा पाण्यातच राहतो. पॉलिमर तळाशी न बसता द्रव दाट होतो. आम्हाला हवं ते वर्तन अगदी हेच.

एक इशाराही मिळाला. पीनिपामच्या सूक्ष्मजेल कणांनी थेंबांना वेढून स्थिर केलेली इमल्शनं (तेल-पाण्याची मिश्रणं) गरम केल्यावर उलट फुटतात. एन्गाय, बेऱ्हेन्स आणि आउवेटर यांचं २००५ चं काम तेच दाखवतं. कण थेंबावरून आकसून बाजूला होतात. तेव्हा पॉलिमर नुसता तापमानाला प्रतिसाद देणारा असून भागत नाही. त्याने आकसावं की जाळं विणावं, यावर सगळं अवलंबून आहे.

२३ जानेवारी

पीनिपाम आपल्याला चालणार नाही. तो ज्यापासून बनतो तो मोनोमर विषारी, शिल्लक किती राहिला ते दर खेपेला तपासत बसावं लागेल. अंगाला लावायच्या स्वस्त लोशनसाठी मी तो विचारातही घेणार नाही. बाजारात सहज मिळणारं, त्वचेवर वर्षानुवर्षं वापरलेलं हवं. तीन उमेदवार : पोलोक्झॅमर ४०७, हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, मेथिलसेल्युलोज.

२ फेब्रुवारी

पोलोक्झॅमर ४०७ बाद. गार पाण्यात विरघळवून नुसतं द्रावण तपासलं. जेल होण्यासाठी १६ ते २० टक्के लागतं, कारण ते साखळ्यांचं जाळं विणत नाही, त्याचे मायसेल (रेणूंचे बारीक पुंजके) एकमेकांना खेटून दाटीने बसतात तेव्हा जेल होतं. तेवढी दाटी व्हायला तेवढा माल लागतो. आणि जेल होतं तेही खोलीच्या तापमानालाच. जखमेवरच्या औषधी जेलला हे वरदान आहे, आमच्या लोशनला नाही.

६ फेब्रुवारी

हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजही बाद. तापमान छान जुळतं, ४० ते ४५ अंश. पण त्या तापमानाला तो जाळं विणत नाही, गढूळ होऊन बाहेर पडतो आणि विष्यंदिता उलट खाली येते.

९ फेब्रुवारी

मेथिलसेल्युलोज, ४००० ग्रेड, म्हणजे २० अंशांना २ टक्के द्रावणाची विष्यंदिता ४००० सेंटिपॉइज. टेस्ट ट्यूब वॉटर बाथमध्ये धरली. ५० च्या थोडं पुढे गेल्यावर द्रव गढुळला आणि ट्यूब उलटी केली तरी जागचा हलला नाही. बाहेर काढून गार होऊ दिली, पुन्हा पातळ आणि पारदर्शक. खरवस असाच उष्णतेने धरतो, फक्त तो परत दूध होत नाही.

क्यूसीच्या ताईंनी तीच ट्यूब दुपारभर गरम-गार करून पाहिली. दर वेळी तेच.

आता अडचण तापमानाची. आपल्याला खिडकी हवी आहे. त्वचेचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंशांचा असतो. त्याला लागून जेल झालं तर चोळताना अंगावर गोळ्या वळतील, म्हणून ३८ पर्यंत काहीच घडायला नको. आणि ४५ च्या आत जाळं उभं राहायलाच हवं. सध्या ते ५० च्या पुढे आहे. ७ ते १० अंश खाली आणायचं आहे.

१४ फेब्रुवारी

इथे जुनी विद्या कामी येते. प्रागमध्ये होफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्यातल्या प्रथिनांवर वेगवेगळे क्षार तपासून त्यांचा क्रम लावला होता. सल्फेट, फॉस्फेट, सायट्रेट पाण्याला आपल्याकडे ओढतात आणि विरघळलेल्याला बाहेर काढतात. आयोडाइड, थायोसायनेट उलट करतात. मेथिलसेल्युलोजलाही तोच क्रम लागू पडतो. मीठ ५ टक्के घातलं तर जेल-तापमान ३३ च्या आसपास येतं. सल्फेट तेवढंच घातलं तर पॉलिमर सरळ तळाशी.

पाण्यात मिसळणाऱ्या इतर द्रव्यांचंही असंच आहे. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन तापमान खाली आणतात, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल वर नेतात. म्हणजे आमच्या लोशनमधलं ग्लिसरीन आधीपासूनच आपल्या बाजूने आहे. मीठ नको, त्याने लोशनचा स्पर्श बिघडतो. ओलावा धरून ठेवणारं सॉर्बिटॉल आणि पीएच सांभाळायला लागणारं सायट्रेट, हे दोन्ही लोशनमध्ये नाहीतरी शोभतात. काम तेच करतील.

२१ फेब्रुवारी

सॉर्बिटॉल (७० टक्के द्रावण) ६ टक्के, ट्रायसोडियम सायट्रेट ०.८ टक्के, ग्लिसरीन पूर्वीइतकंच, कोरफडीची पावडर धरून. जेल-तापमान ४२-४३. खिडकीत आलो!

प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून येणारा सुगंध मात्र बदलावा लागेल. तो थोडा असला तरी उलट दिशेला ओढतो.

२९ फेब्रुवारी

पॅराबेनबद्दल. मेथिलसेल्युलोज आणि पॅराबेन एकत्र नांदत नाहीत हे औषधनिर्मितीत माहीत असलेलं सत्य आहे. पॉलिमर त्यांना धरून ठेवतो आणि जंतूंशी लढायला मोकळे पॅराबेन कमी उरतात. लोशन दिसायला उत्तम आणि आतून असुरक्षित, असा प्रकार मला नको. फिनॉक्सीइथेनॉलवर जायचं ठरवलं. जेल-तापमान पुन्हा मोजलं, खिडकीतच आहे. नवे नमुने चॅलेंज टेस्टला, म्हणजे मुद्दाम जंतू सोडून २८ दिवसांचं निरीक्षण करायला दिले. ही परीक्षा इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, कारण काही जंतूंची एन्झाइमं सेल्युलोजची साखळीच तोडतात. परिरक्षक कमी पडला तर लोशन नुसतं नासणार नाही, त्याचं जाळंही जाईल.

७ मार्च

प्रॉडक्शनच्या काकांबरोबर अख्खा दिवस. हा दिवस तपशीलवार लिहून ठेवते, कारण पुढे कुणी हे लोशन बनवेल तेव्हा अडचण इथेच येणार.

मेथिलसेल्युलोज गार पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. बाहेरचा थर लगेच फुगतो, आतली पावडर कोरडीच राहते, आणि मग कितीही ढवळा. गरम पाण्यात ती विरघळत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घ्यायचा. लागणाऱ्या पाण्याच्या एक तृतीयांश पाणी ८५ अंशांवर नेऊन त्यात पावडर सोडायची. ती दुधासारखी पसरते, एकही गुठळी नाही. मग उरलेलं पाणी बर्फाइतकं गार करून ओतायचं आणि १० अंशांच्या खाली नेऊन अर्धा तास मंद ढवळायचं. तिथे ती खरी विरघळते.

काका म्हणाले, "मॅडम, आमचं सगळं उलटं चाललंय. गरम केलं की विरघळतं, हे तीस वर्षं शिकलो."

त्यांचा पुढचा प्रश्न अचूक होता. इमल्शन तर आपण ७५ अंशांवर बनवतो, मग ही पाण्याच्या फेजमध्ये (पाण्याच्या भागात) कशी घालायची? घालायचीच नाही. ७५ ला ती पाण्याबाहेर असेल, थेंब बारीक करणाऱ्या होमोजिनायझरखाली तिचे तुकडे होतील आणि थंड होताना किटलीच्या (मिश्रणाच्या मोठ्या भांड्याच्या) भिंतीला चिकटून बसेल. म्हणून इमल्शन नेहमीसारखं बनवायचं, पाणी कमी घेऊन. ते ३० अंशांपर्यंत उतरलं की विरघळलेली गार मेथिलसेल्युलोज तिसरी फेज म्हणून ओतायची. होमोजिनायझर बंद, फक्त मंद ढवळणारा अँकर स्टिरर, आणि व्हॅक्यूम चालू. मेथिलसेल्युलोज पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे हवा धरते आणि फेस होतो.

व्हॅक्यूमशिवाय केलेली बॅच शेजारी ठेवून पाहिली. बुडबुड्यांनी पांढरीशुभ्र, आणि भरताना वजन कमी. फरक काकांनी माझ्या आधी ओळखला.

१८ मार्च

१ टक्का पॉलिमर असलेले नमुने दिवसा ४५, रात्री ३४ अंश अशा फेऱ्यांमध्ये ठेवले होते. तेल वर आलं नाही. पण सकाळी बाटली उघडली तर आत मऊ जेली, आणि हलवल्यावर रवाळ.

कारण मेथिलसेल्युलोजच्या परतीच्या वाटेत आहे. चढताना ती ४२-४३ ला धरते, पण उतरताना त्याच तापमानाला सोडत नाही. बरंच खाली यावं लागतं, आमच्या मिश्रणात साधारण ३० पर्यंत. मुंबईत किंवा नाशकात रात्री ते सहज होतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात रात्रीही तेवढा गारवा येत नाही. एकदा धरलेलं लोशन आठवडाभर धरूनच राहील.

२१ मार्च

व्हाइटबोर्डचा कोपरा. ०.००३ पास्कल.

१ टक्का म्हणजे गरजेच्या कित्येक पट. तिथे जेली होणारच. पॉलिमर खाली आणत जायचं, आणि जिथे तेल रोखलं जातं पण बाटली ओतता येते तिथे थांबायचं. ०.३ पासून वर जाणार.

५ एप्रिल

०.३ ला गरम नमुन्यात दोन आठवड्यांनी वर पुसटसा थर. ०.४ ला काठावर. ०.५ ला काही नाही : ४५ अंशांना ओतता येतं, चमच्यावर घेतलं तर नेहमीपेक्षा किंचित सावकाश पडतं, आणि सेंट्रीफ्यूजमध्येही तेल सुटलं नाही. गरम असतानाच मायक्रोस्कोपखाली पाहिलं. थेंब वेगवेगळे, आपापल्या जागी. ०.५ टक्के पक्कं. झँथन ०.१ वर आणला, तोही फक्त २५ अंशांना बाटलीत बरं दिसावं म्हणून.

ऑफिसातल्या सगळ्यांना हातावर लावायला दिलं. तार नाही, चिकचिक नाही. जुन्या लोशनपेक्षा हलकं वाटतं असं बहुतेकांनी आपणहून सांगितलं. मला हे तेल न सुटण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण हा प्रकल्प दादरच्या ग्राहकासाठीही होता.

८ एप्रिल

चॅलेंज टेस्ट पास.

१२ एप्रिल

पायलट बॅचच्या बाटल्या अकोला आणि चंद्रपूरच्या डेपोत पाठवल्या. निम्म्या जुन्या फॉर्म्युल्याच्या, निम्म्या नव्या, त्याच खोक्यांत शेजारी शेजारी. प्रत्येक खोक्यात एक तापमान नोंदवणारा लॉगर. डेपोवाल्यांना एकच विनंती केली : एक खोका मुद्दाम पत्र्याला लागून सगळ्यात वरच्या थप्पीवर ठेवा.

२७ मे

खोके परत आले. वरच्या थप्पीच्या लॉगरवर दुपारची तापमानं ४८ पर्यंत गेलेली, आणि कित्येक रात्री ३२ च्या खाली आलेलीच नाहीत. जुन्या लोशनच्या बाटल्या जानेवारीत टेबलावर होत्या तशाच. नव्या लोशनमध्ये तेलाचा थर नाही, वरच्या थप्पीतही नाही. क्यूसीच्या ताईंनी बाटल्या उभ्या कापून वरचा, मधला, खालचा भाग वेगळा घेतला आणि तिन्हींतलं तेल तपासलं. तिन्ही सारखे.

एक गोष्ट लॅबमध्ये दिसली नव्हती. पंप असलेल्या मोठ्या बाटल्यांमध्ये, लोशन गरम असताना पंपाच्या नळीत जाळं बसतं आणि पहिले काही दाब कोरडे जातात. मग नीट येतं. झाकणाच्या छोट्या बाटल्यांना काही अडचण नाही. डेपोवाल्यांनी हे फोनवर सांगितलं नसतं तर गार झालेल्या बाटल्यांमध्ये आम्हाला ते दिसलंच नसतं.

३ जून

दोन वाटा आहेत. पंपाच्या बाटलीसाठी रुंद नळी घेणं, किंवा सायट्रेट थोडं कमी करून जेल-तापमान ४४-४५ ला नेणं. दुसऱ्या वाटेने खिडकीची वरची कड फार जवळ येते, आणि मला ती सुरक्षितता सोडायची नाही. पॅकेजिंगकडे रुंद नळीचे पंप मागितले आहेत. छोट्या बाटलीचं उत्पादन तोवर थांबवायचं कारण नाही. किटलीजवळ गार पाण्याची लाइन यायची आहे, तिचं काम पुढच्या सोमवारी. ती आली की पहिली पूर्ण बॅच काका स्वतः घेणार आहेत.